गाण्याच्या बाईंचं बोलणं

गाण्याच्या बाईंना दोन लेकी, असं गावात गमतीनं म्हणायचे. थोरली पेटी आणि धाकटी भोंगी. त्यातली थोरली सुरात होती.

पेटी बाईंनी लग्नाआधीच घेतली होती, नोकरी लागल्या लागल्या. लेक पुढं काही वर्षांनी झाली. जन्मल्यावर तिनं असा काही टाहो फोडला की तिचे वडील, जे वीज खात्यात लाइनमन होते, ते दाराबाहेरून म्हणाले, "ही पोरगी आहे की आमच्या ऑफिसचा भोंगा?" झालं. शाळेच्या दाखल्यावर नाव काहीही असो, घरात, वर्गात, गल्लीत ती भोंगी झाली. पुढं तिला दोन मुलं झाली, डोक्यात पांढरे केस आले, तरी माहेरच्या गावात भोंगीच राहिली.

गाव लहान होतं. एक शाळा, एक पिठाची गिरणी, एक दवाखाना आणि दिवसातून तीनदा येणारी बस. शाळेत बाकीचे शिक्षक बदलून जायचे, पण गाण्याच्या बाई तिथंच राहिल्या. गाण्याच्या बाईला दुसरीकडं जागाच नसते, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. अंगानं सडपातळ, पण आवाज असा खणखणीत की त्या वर्गात हाक मारायच्या आणि मैदानातली पोरं खेळ थांबवून उभी राहायची. त्यांचं म्हणणं एकच होतं, "ज्याला हाक मारता येते त्याला गाता येतं." मुलांना त्या पोटावर हात ठेवायला लावायच्या आणि म्हणायच्या, "इथून काढा. गळा नुसता दरवाजा आहे, घर आत आहे." सूर चुकला तर रागवायच्या नाहीत. घाबरून गप्प बसलेल्या पोराला मात्र सोडायच्या नाहीत.

गाणीही त्या स्वतःच जुळवायच्या. पुस्तकातली गाणी फार वरच्या पट्टीतली असतात, आपल्या पोरांना शिंकाळ्यावरच्या लोण्यासारखी दिसतात पण हाती लागत नाहीत, असं त्यांचं मत. पहिलीच्या वर्गापासून सगळ्यांना येणारं त्यांचं एक गाणं होतं:

चाक फिरे गिरणीचं, पीठ उडे दाण्याचं,
तोंड उघडा मोठ्ठं, काम आहे गाण्याचं.

गिरणीवाला पीठ दळतादळता हे गाणं म्हणायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे माझ्यावर केलंय बरं का."

आता असल्या बाईच्या पोटी सूर नावालाही नसलेली मुलगी जन्मावी, याला काय म्हणायचं? भोंगी घाबरायची नाही, हीच पंचाईत होती. तोंड मोठ्ठं उघडून, पोटातून, अगदी आईनं सांगितलं तसं गायची, आणि पूर्ण चुकीचं गायची. सकाळी स्वयंपाकघरात बाई तिला समोर बसवायच्या.

"सा लाव."

भोंगी लावायची.

"हा नाही."

"मग कुठला?"

बाई लावून दाखवायच्या. भोंगी म्हणायची, "तोच तर लावला ना."

वडील कोपऱ्यात बुटाच्या नाड्या बांधत असायचे. ते म्हणायचे, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आड काठोकाठ भरलाय," बाई म्हणायच्या. "पोहऱ्याला भोक आहे, आणि ते तुमच्या घराण्याकडून आलंय."

भोंगी तेरा वर्षांची असताना शाळेच्या संमेलनात ती पहिल्या रांगेत उभी राहून गायली आणि मागच्या बाकांवरची मोठी मुलं हसली. हसू पुढं सरकत सरकत पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत आलं. ती घरी आली, दप्तर खुंटीला लावलं आणि म्हणाली, "यापुढं मी गाणार नाही."

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली काडी मोडली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

एवढंच. शेजारच्या मुक्यासारख्या पोराच्या मागं जी बाई दोन वर्षं लागली, जिनं गवंड्याच्या पोरीला गाता यावं म्हणून तिच्या बापाशी भर रस्त्यात वाद घातला, ती आपल्या लेकीला नुसतं 'बरं' म्हणाली. त्या एका शब्दानं भोंगीला सुटल्यासारखंही वाटलं आणि टाकल्यासारखंही. दोन्हींतलं खरं कुठलं, हे तिला पुढं कित्येक वर्षं कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. शिक्षण संपलं, ती शहरात चष्म्याच्या दुकानात लागली, भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम शिकली, तिथंच लग्न झालं. कामात तिचा हात बसला. मिलिमीटरचा फरक तिला बोटांनी कळायचा. कानाचं जे राहिलं ते डोळ्यांत आणि बोटांत आलं, असं वडील सांगत फिरायचे.

मधल्या काळात शाळेत नवे मोठे सर आले. निकाल घसरले होते आणि वरून दट्ट्या होता, म्हणून त्यांनी गाण्याचा तास काढून तिथं गणित घातलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गाण्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"तास काढलात, ठीक. मुलं शाळा भरायच्या आधी आली तर चालेल?"

"येतील कोण, बाई? थंडीत पोरं अंथरुणातून निघत नाहीत."

"ते माझ्यावर सोडा. खोली द्या."

"खोली कुठाय? मोडक्या बाकांची आहे तेवढी."

"तीच द्या."

त्या रविवारी बाईंनी पदर खोचला आणि मोडकी बाकं एकेक करून मागच्या पत्र्याखाली नेऊन रचली. लाइनमननी वायर ओढून एक बल्ब लावला आणि म्हणाले, "घ्या, तुमच्या दरबारात उजेड पडला." सोमवारी पाच मुलं आली. हिवाळा संपेपर्यंत खोलीत बसायला जागा उरली नाही, आणि गणिताच्या सरांनीही कबूल केलं की सकाळी गाऊन आलेली पोरं पहिल्या तासाला पेंगत नाहीत. तास परत मिळाला नाही, पण त्या खोलीला सगळे गाण्याची खोली म्हणू लागले. शाळेच्या नकाशात ती अजूनही 'अडगळ' म्हणूनच आहे.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना बाई त्या खोलीतच कोसळल्या. मुलांना वाटलं, पेटीवर डोकं टेकलंय. डोक्यात डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात लोंबकळला, पाय ओढू लागला आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण बोलायला गेल्या की एकच निघायचं, "तेच ते, तेच ते." पाणी हवं असलं तरी तेच ते, खिडकी लावायची असली तरी तेच ते. जिच्या हाकेनं मैदान थांबायचं, ती बाई डोळे मिटून भिंतीकडं तोंड करून पडू लागली.

भोंगी रजा काढून आली. नवरा म्हणाला होता, "इकडचं मी बघतो, तू निघ." ती आईचं सगळं करायची, पण दोघींना एकमेकींसमोर बसायचं कसं ते जमेना. आईला बोलता येईना आणि लेकीला, खरं सांगायचं तर, कधीच आलं नव्हतं. त्या दोघींचं बोलणं कायम कामाचं असायचं: औषध घे, डबा भर, पेटी उचल.

एका सकाळी भोंगी मोरीत भांडी घासत होती. हाताला काम असलं की तिला गुणगुणायची सवय, अर्थात कुणी ऐकत नसताना. तिला वाटलं आई झोपलीय. ती म्हणत होती, "चाक फिरे गिरणीचं, पीठ उडे..." आणि 'उडे' तिनं नेहमीसारखं भलतीकडंच उडवलं.

आतून आवाज आला. बारीक, खरखरीत, पण थेट जागेवर बसलेला.

"पीठ उडे दाण्याचं."

भोंगीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिनं पुढची ओळ म्हटली नाही. आपल्याला भास तर झाला नाही ना, अशी तिला भीती वाटली, म्हणून तिनं तीच ओळ पुन्हा, पुन्हा तशीच चुकवून म्हटली. आतून पुन्हा दुरुस्ती आली, या वेळी जरा चिडून. मग भोंगी साबणाच्या हातांनीच आत गेली. आई उशीवरून मान उचलून तिच्याकडं बघत होती. "आई, बोललीस तू," ती म्हणाली. बाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "तेच ते." आणि रागानं डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणारी एक तरुण बाई होती, तिनं बाईंना आधी तपासलंही होतं. भोंगीनं तिला फोनवर घडलेलं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घेऊन या. मी असं काहीतरी व्हायची वाटच बघत होते." तिनं समजावून सांगितलं, ते भोंगीला जेवढं कळलं ते असं: बोलण्याचा रस्ता आईच्या डोक्यात डावीकडून जायचा, तो बंद पडलाय. गाण्याचा रस्ता बराचसा उजवीकडून जातो, तो उघडा आहे. आता गाण्याच्या रस्त्यानं बोलणं वळवून आणायचं. "लहान लहान वाक्यं घ्या. दोन सुरांत म्हणा, एक वरचा, एक खालचा. त्यांच्या डाव्या हातानं ठेका धरा. आधी तुम्ही म्हणायचं, मग दोघींनी, मग त्यांनी एकट्यानं. रोज, दिवसातून अनेकदा."

"मी म्हणायचं?" भोंगी म्हणाली.

"मग कोण?"

"अहो, मला सूर नाही. गावात विचारा कुणालाही."

"दोनच तर हवेत," ती तरुण बाई म्हणाली.

वडिलांचं तर नावच नको. ते गायला लागले की कुत्री उठून जायची. म्हणून जबाबदारी भोंगीवरच आली. पहिल्या दिवशी ती खाटेशेजारी बसली, आईचा डावा हात हातात घेतला, गुडघ्यावर ठेका धरला आणि म्हणाली, "पा-णी-दे."

बाईंनी तोंड फिरवलं.

"आई, म्हण ना. पा-णी-दे."

बाईंनी मान हलवली. नाही. भोंगीला वाटलं, जमत नाहीय. तिसऱ्यांदा म्हटल्यावर बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, बोट वर केलं आणि 'पा' कुठं लावायचा ते नुसत्या 'आ'कारात दाखवलं. तेव्हा भोंगीच्या लक्षात आलं. आईला म्हणता येत होतं, पण चुकीच्या सुरामागं जायला ती तयार नव्हती. तहानेनं घसा कोरडा पडला तरी बेहत्तर, बेसूर पाणी ती मागणार नव्हती.

"हा?" भोंगीनं विचारलं.

मान हलली, नाही.

"हा?"

नाही.

"अगं, मग तूच म्हण की."

आणि बाईंनी म्हटलं. "पा-णी-दे." सुरात, स्पष्ट, तिन्ही अक्षरं जागच्या जागी. वडील दारात उभे होते. ते आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. त्यातलं निम्मं वाटेत सांडलं होतं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला शेजारी शाळा म्हणायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खि-ड-की लाव. भू-क ला-ग-ली. पा-य दु-ख-तो. कोण कोणाला शिकवत होतं ते सांगणं कठीण होतं. भोंगी आईला शब्द देत होती आणि आई भोंगीला सूर. भिंगं घासताना ती करायची तसंच तिनं करायचं ठरवलं: थोडं घास, बघ, पुन्हा थोडं घास. चिडायचं नाही, घाई करायची नाही, पण हातातलं खालीही ठेवायचं नाही. रजा संपली तेव्हा तिनं मालकाला सांगून आठवड्यातले तीन दिवस मागून घेतले आणि बसनं येऊ-जाऊ लागली. बसमध्ये खिडकीशी बसून ती स्वतःशीच 'खि-ड-की' म्हणायची, आणि शेजारचा प्रवासी खिडकी लावून द्यायचा.

पावसाळा सरता सरता तिला दोन सूर आले. दोनच. पण ते पक्के आले.

एका दुपारी बाईंनी तिला जवळ बसवलं आणि वाक्य जुळवायला लागल्या. मध्ये शब्द निसटायचा, त्या मागं जाऊन पुन्हा उचलायच्या. भोंगीनं मदत केली नाही, कारण आईनं डाव्या हातानं तिला थांबवलं होतं. शेवटी वाक्य पुरं झालं. "स-ग-ळी पो-रं... गा-य-ला ला-व-ली. ए-क-च... सु-ट-ली हो-ती."

भोंगी म्हणाली, "मीच म्हटलं होतं, गाणार नाही म्हणून."

बाईंनी मान हलवली. "तू ते-रा-ची. मी मो-ठी." मग दम घेऊन, जरा हसून, "आ-ता ना-ही सो-डत."

भोंगी उठून आत गेली आणि उगाचच कपाटातल्या घड्या पुन्हा घालत बसली. इतक्या वर्षांनी कोडं सुटलं, तर त्याचं काय करायचं ते तिला पटकन सुचेना.

इकडं मोठ्या सरांनी निरोप पाठवला होता, की बाईंनी आजारपणाची रजा संपवून सरळ निवृत्ती घ्यावी, कागद तयार आहेत. बाईंनी निरोप ऐकून घेतला आणि एक नवं वाक्य घोटायला घेतलं. आठवडाभर तेच वाक्य. मग एक दिवस लुगड्याच्या निऱ्या लेकीकडून नीट करून घेतल्या, काठी घेतली आणि पाय ओढत शाळेत गेल्या, मागोमाग लेक आणि लाइनमन. मोठे सर उठून उभे राहिले. कारकून टंकलेखन थांबवून बघू लागला. बाईंनी टेबलावर डाव्या हातानं ठेका धरला आणि सुरात म्हणाल्या, "मी सो-म-वा-री ये-णा-र."

कारकुनाला हसू फुटलं, त्यानं ते रुमालात दाबलं. मोठे सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या हाताकडं बघितलं.

"बाई, पेटीला दोन हात लागतात. एकानं वाजवायची, एकानं भाता मारायचा."

याचं उत्तर बाईंच्या तयारीत नव्हतं. भोंगी बोलणार, तेवढ्यात मागून वडील म्हणाले, "भात्याला मी आहे. जन्मभर सप्लाय दिला, आता वाऱ्याचा देईन. रिटायर माणूस आहे, फुकटात मिळतोय, घ्या."

मोठ्या सरांनी तयार कागद उचलून खणात ठेवले. "सोमवारी बघू," ते म्हणाले. "जमलं नाही तर मात्र मला सांगावं लागेल."

"ज-मे-ल," बाई म्हणाल्या. ते वाक्य त्यांना घोटावं लागलं नव्हतं.

पहिला आठवडा वाईट गेला. लाइनमन भाता असा मारायचे जणू लोहाराची भट्टी पेटवायचीय. पेटी किंचाळायची, पोरं खिदळायची, आणि डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर चाचपडायची. बाई घरी आल्या की तासभर नुसती बोटं फिरवत बसायच्या. पण पोरांना एका गोष्टीचं काहीच वाटलं नाही, ज्याची मोठ्यांना सगळ्यांत धास्ती होती. बाई गाऊन बोलतात, तर बोलतात. गाण्याच्या बाई आहेत त्या, दुसरं काय करणार? बाई म्हणायच्या, "दा-र ला-व", आणि पोरं त्याच सुरात म्हणायची, "ला-व-लं, बा-ई." महिन्याभरात ही साथ शाळाभर पसरली. भूगोलाच्या तासाला एक मुलगा उभा राहून दोन सुरांत म्हणाला, "स-र, पा-णी पि-ऊन ये-ऊ?" भूगोलाचे सर तक्रार घेऊन मोठ्या सरांकडं गेले. मोठे सर म्हणाले, "सुरात होतं का?" सर म्हणाले, "होतं." "मग जाऊ द्या."

बाईंनी निवृत्तीपर्यंत उरलेली वर्षं पूर्ण केली. बोलणं पुष्कळ सुधारलं. शेवटी शेवटी साधी वाक्यं सूर न लावताही यायची, पण दमल्या किंवा रागावल्या की पुन्हा गाण्यावर यायच्या, त्यामुळं त्यांचं रागावणं ऐकायला गल्ली कान टवकारून असायची. निवृत्तीनंतरही पोरं सकाळी घरी यायची. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि कौतुकही करू दिलं नाही. कुणी 'बाई, तुमची कमाल आहे' म्हणालं की विचारायच्या, "तुझी पोरगी का येत नाही गाण्याला?"

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, उन्हाळ्याच्या एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. भोंगी येईपर्यंत ओसरी माणसांनी भरली होती. गिरणीवाल्यानं त्या दिवशी पट्टा चढवला नाही. लाइनमन पेटीशेजारी बसून होते आणि भाता हलकेच उघडून मिटत होते. आवाज येत नव्हता, कारण पट्ट्या दाबायला कुणी नव्हतं. भोंगी त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्यांचा हात धरून थांबवला.

शाळेनं गाण्याच्या बाईंची जागा भरली नव्हती आणि भरायचा विचारही नव्हता. खोलीत पुन्हा बाकं येऊ लागली होती. हे भोंगीला कळलं तेव्हा ती शाळेत गेली. मोठे सर बदलून गेले होते, नव्या मॅडम होत्या. त्यांनी चहा मागवला, बाईंबद्दल चांगलं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्हीच का नाही घेत वर्ग? त्यांच्याच कन्या ना तुम्ही?"

"मला दोनच सूर येतात," भोंगी म्हणाली. "माणूस मी आणते. खोली तेवढी राहू द्या."

"मिळणार कुठून माणूस? जागा मंजूर नाही."

"ते माझ्यावर सोडा."

शोधायला पाच महिने लागले. शहरातल्या गाण्याच्या क्लासच्या पायऱ्या ती कामावरून सुटल्यावर चढली. कुणी अंतर विचारलं आणि दार लावून घेतलं. कुणी सांगितलं की खेडेगावातल्या पोरांना काय शिकवायचं. तिथून ती लगेच खाली उतरली. शेवटी चष्मा बदलायला आलेल्या एका गृहस्थानं काउंटरवर बोटांनी ठेका धरला आणि तिनं मान वर केली. ते बँडमध्ये वाजवायचे, आता वयामुळं सोडलं होतं, आणि पेटी उत्तम यायची. तिनं त्यांचा नंबर तपासला, भिंग बसवलं, चौकट कानामागं नीट वाकवली आणि मग विचारलं, "आठवड्यातून दोन दिवस बसनं यायची तयारी आहे?"

"मुलं कशी आहेत?" त्यांनी विचारलं.

"घाबरत नाहीत," भोंगी म्हणाली.

गुरुवारी ती त्यांना घेऊन सकाळच्या बसनं उतरली. लाइनमन थांब्यावर उभे होते. त्यांनी पाहुण्याच्या हातातली पिशवी घेतली आणि चालता चालता सांगायला सुरुवात केली की खोलीतल्या बल्बची वायर जुनी झालीय, ती बदलायला लागेल, आणि खिडकीची काच फुटलीय. भोंगी पुढं गेली. शाळेच्या मागं पोचल्यावर तिनं पदर खोचला आणि खोलीत आलेली मोडकी बाकं एकेक करून बाहेर काढायला लागली.